तळ्यातली बाग

नागझिऱ्याला जायचं म्हटलं की सगळ्यांना वाघच बघायचा असतो. मला मात्र जंगलाबाहेरच्या तलावांचं जास्त कुतूहल. गोंदिया-भंडाऱ्यात कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी गावोगाव बांधलेले हे मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि देखभालीला कुणी वालीच उरला नाही. काठाने बेशरम माजली. उत्पन्न वाढावं म्हणून रोहू, कटला सोडले, कुठे कुठे गवत्या मासाही सोडला. तो पाणवनस्पतीच फस्त करतो! वनस्पती गेल्या, मग गावठी माशांनी अंडी घालायची कुठे?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगाव परिसरात याचं उत्तर शोधलं गेलं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे ढिवर यांनी मिळून ते शोधलं. शालू कोल्हेंसारख्या ढिवर बायका त्यात पुढे आल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा आणि दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या पाणवनस्पती चिखलात लावायच्या. परसबागच, फक्त पाण्याखालची! कुठली वनस्पती किती पाण्यात तगते, कुठला मासा कुठे अंडी घालतो, हे ढिवरांना ठाऊक होतंच. कोकणातल्या पोरी आईमागून तिसऱ्या वेचताना खाडी शिकतात, तसंच हे. वनस्पती रुजल्या तसे गावठी मासे परतले, पक्षीही आले.

आता सरकारी कामाकडे बघा. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. गाळ काढायलाच हवा, शेतालाही तो सोन्यासारखा. पण जेसीबी तळ सरसकट खरवडतो, तेव्हा गाळाबरोबर कंद आणि बीही ट्रॉलीत जातं. मग उरतो तो नुसता खड्डा. किती घनमीटर गाळ निघाला याचा हिशेब ठेवता येतो, मग पुढच्या उन्हाळ्यातल्या लागवडीची मजुरी अंदाजपत्रकात का धरू नये?

आणखी एक गोष्ट मला खटकते. चिखलात उतरून लावणी करायला बायका चालतात, पण तलावाचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार सोसायट्यांत सभासद बहुतेक पुरुषच. तळ्यात काय सोडायचं, हे ठरतं सोसायटीच्या बैठकीत. उद्या तिथे पुन्हा गवत्या मासा सोडायचं ठरलं, तर बाग लावणारीला 'नको' म्हणायला तिथे खुर्ची तरी आहे का?