गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि आपला संकोच

कर्करोग म्हटला की घरची माणसे पहिला प्रश्न विचारतात, "रोगी वाचेल ना?" गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र त्याआधीच कुजबुज सुरू होते. हा रोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढे अर्धवट ज्ञान कानावर पडले की लोक त्या बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवतात. सुशिक्षित घरेही याला अपवाद नाहीत. माझ्या मते विषाणूइतकाच घात ही कुजबुज करते.

वस्तुस्थिती काय आहे? जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ साली या विषाणूचे १६ व १८ हे प्रकार कर्करोगाच्या गाठींत शोधून काढले. त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात केव्हा तरी गाठतोच. एकनिष्ठपणे संसार करणाऱ्या स्त्रीलाही तो नवऱ्याकडून येऊ शकतो. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात टिकतो, त्यांतल्या काहींनाच कर्करोग होतो आणि तोही बहुधा पंधरा-वीस वर्षांनी. मग यात चारित्र्याचा प्रश्न येतो कुठे?

विषाणू सापडला म्हणजे मृत्यूचे बोलावणे आले, हेही खरे नाही. उलट ज्या थोड्या रुग्णांच्या गाठीत तो आढळत नाही, त्यांचेच भवितव्य सरासरीने अधिक बिकट असते. खरा फरक पडतो तो रोग कोणत्या टप्प्यावर सापडला यामुळे. अमेरिकेतील आकडेवारीनुसार रोग गर्भाशयापुरताच असताना सापडला, तर दहांपैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर जेमतेम दोघी.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर तोही आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला या विषाणूची तपासणी एकदाच करून देण्यात आली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. खेड्यापाड्यांतल्या बायका तपासणीला पुढे आल्या. मग आपण शिकलेल्यांनी का लाजावे?

म्हणून विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना माझी विनंती आहे. आई तिशी ओलांडलेली आहे, तेव्हा तिच्यापाशी हा विषय काढा आणि तिला तपासणीला घेऊन जा. घरात नऊ ते चौदा वर्षांची बहीण असेल तर लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. प्राध्यापकांनीही वर्गात हा विषय खाकरून टाळू नये. आणि या अंकाच्या कन्नड विभागातही कोणी तरी हेच लिहावे, असे मला मनापासून वाटते. संकोचाने गप्प बसणाऱ्या आया दोन्ही भाषांच्या घरांत आहेत.