धंदा मिसेसच्या नावावर

कोपरखैरण्यात उद्यम नोंदणीचे अर्ज भरून देते तेव्हा एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: "आपा, धंदा मिसेसच्या नावावर टाका." शिलाईचे वर्कशॉप असो की केटरिंग. ओटीपी बाईच्या मोबाइलवर येतो आणि मोबाइल शौहरच्या खिशात असतो! कारण उघड आहे. सरकारी खरेदीत महिलांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी ३ टक्के वाटा आहे, इतर सवलतीही आहेत.

केंद्राच्या २०२४च्या आकडेवारीनुसार उद्यम पोर्टलवरच्या उद्योगांत महिलांच्या मालकीचे २०.५ टक्के, पण उलाढालीत त्यांचा वाटा १०.२२ टक्केच. "बघा, बायकांना धंदा जमत नाही," असे म्हणणारे तिथेच थांबतात. त्याच माहितीत पुढे आहे: गुंतवणुकीत वाटा ११.१५ टक्के, रोजगारात १८.७३. म्हणजे भांडवलाच्या मानाने उलाढाल जवळपास तेवढीच आणि हातांना काम मात्र कितीतरी जास्त. कमी आहे ते भांडवल, अक्कल नव्हे. अर्थात या आकड्यांत 'मिसेसच्या नावावर'वाले किती, हे पोर्टल विचारत नाही.

कायद्याकडून फार आशा नको. २०१३चा कंपनी कायदा संचालक मंडळावर एक महिला सक्तीची करतो, पण शेअर बाजारातल्या आणि मोठ्या पब्लिक कंपन्यांत. तुर्भ्याच्या गाळ्याला तो लागू नाही.

आपल्याकडे तर सबबच चालू नये. हजरत खदीजा (रजि.) यांचा स्वतःचा व्यापार होता. निकाहाआधी पैगंबर (स.) त्यांचा माल घेऊन शामला गेले होते. सीरतच्या प्रत्येक जलशात हे अभिमानाने सांगतात. जलसा संपतो, आणि चेकबुक दिराच्या कपाटात असते. मेहर तिचा, मिळकत तिची, हे शरियतनेच मान्य केले आहे ना?

मसाला पॅकिंग करणाऱ्या एका भगिनीने उधारीची वही स्वतःकडे घेतली. पहिल्यांदा नातेवाइकांची उधारी बंद केली. घरात दोन महिने अबोला होता. आज तिच्याकडे दोनाच्या चार बायका कामाला आहेत.

म्हणून हल्ली अर्ज भरण्याआधी मी बाईंनाच विचारते: भाव कोण ठरवतं? उधारी कोण देतं? बँकेचा मेसेज कोणाच्या फोनवर येतो? उत्तर शौहरने दिले तर सांगते, उद्या बाईंना त्यांच्या फोनसकट एकटीला पाठवा. काही जणी येतात. बाकीचे शेजारच्या सायबर कॅफेत जातात.