धावपटूचा जिल्हा कोणता?

क्रॉस कंट्री शर्यतीचा निकाल वृत्तसंपादनाच्या टेबलावर येतो तेव्हा त्यात धावपटूचे नाव, त्याची वेळ आणि त्यापुढे त्याचा जिल्हा किंवा क्लब एवढाच मजकूर असतो. नावाचे शुद्धलेखन आम्ही तपासतो, वेळ पडताळून पाहतो. जिल्ह्याचे नाव मात्र जसे आले तसे पुढे जाते. शर्यतीनंतरच्या बहुतेक हरकती नेमक्या याच नावाविषयी असतात. ‘हा मुलगा आमच्या जिल्ह्याचा नव्हेच’ ही तक्रार जवळजवळ प्रत्येक राज्यात ऐकू येते आणि ती खोटी असतेच असे नाही. पण तो मुलगा आमचा नसेल, तर नेमका कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर सीमेवरच्या भागात विलक्षण अवघड होऊन बसते.

बिदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या उत्तर टोकाच्या जिल्ह्यांचे उदाहरण घेऊ. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, उरलेल्या जिल्ह्याचा मोठा भाग म्हैसूर राज्याला मिळाला. कलबुर्गीचे, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्ग्याचे, तांडूर आणि कोडंगल हे तालुके आंध्रकडे गेले. नकाशा असा कापला गेला, तरी विकाराबाद-परळी लोहमार्गावर भालकी, कमलनगर आणि उदगीर ही स्थानके एकामागून एक येतच राहिली. औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण या पट्ट्यात मराठी बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत. आळंद तालुक्याची सोयरीक अक्कलकोट आणि उमरग्याशी आहे. बाजार, लग्न, दवाखाना आणि कॉलेज या चारही गोष्टी इथे सीमा न विचारता होतात.

आता औराद तालुक्यातील एका मुलाची कल्पना करू. तो उदगीरच्या महाविद्यालयात पदवीला आहे आणि लांब पल्ल्याचा बरा धावपटू आहे. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ क्रॉस कंट्रीत कोणत्या विद्यापीठाकडून धावायचे, हे प्रवेश ठरवतो, गाव ठरवत नाही. उदगीर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येत असल्याने तो महाराष्ट्रातील विद्यापीठाचा धावपटू ठरला. तोच मुलगा कर्नाटकाच्या राज्य स्पर्धेत उतरायचे म्हणाला, तर त्याच्या पत्त्यावर बिदर जिल्हा आहे. उदगीरच्या एखाद्या क्लबने त्याला लातूर जिल्ह्याच्या चाचणीला नेले, तर तिथे तो बाहेरचा. त्याच्या बरोबरीचा, पण बिदरमध्येच शिकणारा मित्र पूर्वी गुलबर्गा विद्यापीठाकडून धावला असता. २०२३ मध्ये बिदरला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यापासून त्याचाही संघ बदलला. एका गावातून, एकाच माळावर सराव करणारी दोन मुले अशी दोन राज्यांच्या आणि तीन विद्यापीठांच्या कागदांत वाटली जातात. यात कोणीही फसवणूक केलेली नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी.

गोव्याला हे चित्र परके नाही. दोडामार्गचा मुलगा डिचोलीत किंवा म्हापशात शिकतो, कारवारकडचा काणकोणात येतो. धावण्याच्या शर्यतीत त्याला कुठे बसवायचे, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. आपण तो मोठ्याने विचारत नाही, इतकेच.

जिल्ह्याच्या नावावरून एवढी ओढाताण का होते, हे समजण्यासाठी क्रॉस कंट्रीची गुणपद्धती पाहावी लागेल. इथे वैयक्तिक पदकाबरोबर सांघिक विजेतेपदही असते आणि ते स्थानांच्या बेरजेवर ठरते. सहा जण धावतात, पहिल्या चौघांची स्थाने मोजली जातात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. जागतिक स्पर्धेत सध्या हीच रीत आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांच्या संघात सहा स्थाने मोजतात, अमेरिकी विद्यापीठांत पाच. आकडा बदलला तरी तत्त्व तेच राहते.

एक काल्पनिक शर्यत मांडू. पहिल्या जिल्ह्याचे चार धावपटू सहावे, नववे, चौदावे आणि एकतिसावे आले. बेरीज ६०. प्रतिस्पर्धी जिल्ह्याची स्थाने सातवे, आठवे, बारावे आणि विसावे. बेरीज ४७. प्रतिस्पर्धी तेरा गुणांनी जिंकला. आता पहिल्या जिल्ह्याने आपल्या सर्वांत मागच्या, सहाव्या मुलाला वगळून बाहेरचा एक कसलेला धावपटू आणला आणि तो पहिला आला. मागचे सगळे एकेक स्थान खाली सरकले. पहिल्या जिल्ह्याची मोजली जाणारी स्थाने आता पहिले, सातवे, दहावे आणि पंधरावे, म्हणजे बेरीज ३३. प्रतिस्पर्ध्याची आठवे, नववे, तेरावे, एकविसावे, म्हणजे ५१. तेरा गुणांची हार अठरा गुणांच्या विजयात बदलली. ट्रॅकवरच्या दहा हजार मीटर शर्यतीत बाहेरून आलेला माणूस फार तर एक पदक नेतो. क्रॉस कंट्रीत तो स्वतःच्या संघाला उचलतो आणि दुसऱ्याच्या चारही धावपटूंना एकेक पाऊल मागे ढकलतो. म्हणून व्यवस्थापकांना मोह होतो. आणि ज्याला वगळले त्या सहाव्या मुलाचे नाव कोणत्याच निकालात नसते.

त्या सहाव्या मुलाचे नुकसान हौशी खेळापुरते मर्यादित नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. सैन्यभरती असो, रेल्वे असो की पोलीस, सर्वत्र खेळाच्या प्रमाणपत्राला वजन आहे. कोरडवाहू शेतीच्या या पट्ट्यात राज्य स्पर्धेतील सांघिक पदकाचा कागद म्हणजे घरातला पहिला पगार ठरू शकतो. त्या कागदावर कोणाचे नाव येते, याची चर्चा म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

मग ‘स्थानिक’ म्हणजे कोण? खेळाबाहेर या भागाने या प्रश्नाशी बरीच झटापट केली आहे. ९८ व्या घटनादुरुस्तीने संविधानात ३७१ जे हे कलम आले आणि बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ व बळ्ळारी या तेव्हाच्या सहा जिल्ह्यांसाठी शिक्षणात आणि नोकरीत वेगळी तरतूद झाली. २०१९ पासून या प्रदेशाला कल्याण कर्नाटक म्हणतात. त्या कलमातील शब्द पाहण्यासारखे आहेत: जन्माने किंवा अधिवासाने त्या प्रदेशाचे असलेले लोक. यातल्या ‘किंवा’ला फार महत्त्व आहे. नुसता जन्म धरला, तर पोटासाठी पुण्याला गेलेल्या आईच्या मुलाचा हक्क जातो. नुसता अधिवास धरला, तर शिक्षणासाठी बाहेर गेलेला मुलगा आपल्याच गावी परका होतो.

सीमेच्या अलीकडून दुसरी व्याख्या आली आहे. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषिक उमेदवारांना, १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला दिल्यास, महाराष्ट्राच्या शासकीय पदांसाठी अर्ज करता येतो. भरतीच्या जाहिरातींच्या अटींत ही ओळ नेहमी आढळते. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाभागाविषयी ठराव केला, त्यात बिदर आणि भालकीचीही नावे होती. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याविषयी इथे काही म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच की त्या यादीतल्या गावचा तरुण बंगळुरूच्या दृष्टीने कल्याण कर्नाटकचा स्थानिक असतो आणि मुंबईच्या दृष्टीने महाराष्ट्राच्या नोकरीलाही पात्र असतो. नोकरीच्या बाबतीत दोन राज्ये त्याला आपला म्हणतात. धावण्याच्या मैदानात मात्र एका हंगामात त्याला एकच बनियन घालता येते. गोव्यातही सरकारी नोकरीसाठी १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. हा आकडा आपल्याला पाठ आहे.

बाहेरचा खेळाडू ही कल्पनाच वाईट, असे मात्र मला वाटत नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला आणि तिथे क्रॉस कंट्रीपासून त्याच्या धावण्याला वळण लागले. २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा स्टीपलचेसचा विक्रम मोडला. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिकची अंतिम फेरी. खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत असा धावपटू सेनादलाचा असतो, आंतरराज्य स्पर्धेत आपल्या राज्याचा. दोन स्पर्धांचे दोन स्पष्ट नियम असल्याने यावर कोणी वाद घालत नाही. सेनादलाने त्याला पळवले, असे बीडमध्ये कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. तसेच मूडबिद्रीच्या आळ्वास संस्थेचे. राज्यातून आणि राज्याबाहेरून मुले दत्तक घेऊन तिने मंगळूर विद्यापीठाला आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धांत वरचे स्थान मिळवून दिले. उत्तर कर्नाटकातल्या मुलाला घराजवळ वसतिगृह, आहार आणि प्रशिक्षक मिळत नसतील, तर त्याने किनाऱ्यावर जाऊ नये असे कोणत्या तोंडाने सांगायचे? जांभ्याच्या पठारावर धावून तयार झालेल्या पायांना पुढची वाट हवीच असते. जिल्हा संघटनेने वर्षभर काही करायचे नाही आणि शर्यतीच्या सकाळी ‘आमचा मुलगा’ म्हणून हक्क सांगायचा, हा दुसऱ्या बाजूचा ढोंगीपणा आहे.

माझा आक्षेप आहे तो वेषांतराला. या बाबतीत क्रिकेटचा नियम अधिक सरळ आहे. राज्य संघात बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात आणि त्यांना पाहुणे खेळाडू असेच म्हटले जाते. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याकडे आला, त्या डिसेंबरात पर्वरीला राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने १२० धावा केल्या. तो कुठला हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडे येण्यासाठी मुंबईचे ना हरकत पत्र मागितले आणि पुढच्याच महिन्यात विचार बदलला, तेही उघडपणे. गोमंतकीय मुलांच्या जागा जातात का, यावर आपल्याकडे वाद झाला आणि व्हायलाच हवा. पण तो तीन या आकड्याभोवती झाला, कोणाच्या रेशनकार्डाभोवती नाही. क्रॉस कंट्रीच्या जिल्हा आणि क्लब पातळीवर पाहुण्याची सोय नसेल, तर तो भाडेकरार आणि नवा पत्ता घेऊन ‘स्थानिक’ म्हणून येतो. नियम कडक, म्हणून कागद तयार.

देशादेशांतही हेच घडले. केनियाचा स्टीफन चेरोनो २००३ मध्ये सैफ सईद शाहीन होऊन कतारसाठी धावला आणि त्याच वर्षी पॅरिसला स्टीपलचेसचा जगज्जेता झाला. असे प्रकार वाढल्यावर जागतिक महासंघाने फेब्रुवारी २०१७ मध्ये देशबदल गोठवला आणि २०१८ मध्ये तीन वर्षांची प्रतीक्षा व किमान २० वर्षे वयाची अट घालून तो पुन्हा सुरू केला. बंदी टिकली नाही, प्रतीक्षेची अट टिकली. इंग्लंडच्या क्लबांत धावपटूला आपला मुख्य क्लब जाहीर करावा लागतो. दुसऱ्या क्लबाचा सदस्य म्हणून तो सराव करील, लहानसहान शर्यती धावेल, पण अजिंक्यपद स्पर्धेत मुख्य क्लबाचाच.

सीमेवरच्या जिल्ह्यांसाठी ही शेवटची रीत सर्वांत उपयोगी वाटते. कमलनगरच्या मुलाला जन्म, घर किंवा शिक्षण यांपैकी कोणत्याही एका आधारावर जिल्हा निवडू द्यावा, पण तो हंगाम सुरू होण्याआधी आणि लेखी. निवड बदलायची तर एक हंगाम सांघिक गुणांविना धावावे. वैयक्तिक पदकाचा त्याचा हक्क तसाच राहावा. क्लबाला एखादा पाहुणा हवा असेल, तर तो उघडपणे घ्यावा आणि मोजल्या जाणाऱ्या चौघांत असा एकच असावा. दुसऱ्या राज्यात शिकणाऱ्यांसाठी दोन्ही राज्य संघटनांनी एकमेकांच्या याद्या पाहाव्यात, म्हणजे एकच मुलगा एका महिन्यात दोन जिल्ह्यांचा होणार नाही. यातला कोणताही उपाय खर्चिक नाही. अडचण एवढीच की याद्या जाहीर केल्या तर आजवरच्या काही पदकांकडेही लोक बोट दाखवू लागतील, आणि ही भीती अनेक संघटनांना पुरेशी असते.

क्रॉस कंट्रीचा हंगाम थंडीचा. चाचण्या सुरू होण्याआधी जिल्हा संघटनांनी आपापल्या धावपटूंची यादी, नावापुढे निवडीचा आधार लिहून, मैदानाच्या फलकावर लावली, तर निकालात आम्ही छापतो तो जिल्हा निदान एकदा तरी कोणी तपासलेला असेल. वगळल्या गेलेल्या सहाव्या मुलालाही हरकत घ्यायची झाली, तर ती शर्यतीच्या आधी घेता येईल.