"साधी गाठ हाय, मामा"

गेल्या महिन्यात मामांना पोचवून आलो. तोंडाचा कॅन्सर. पन्नास वर्षांची तंबाखू होती, त्यामुळं कारण शोधत बसायची गरज नव्हती.

रिपोर्ट आला त्या दिवशी कोल्हापुरात डॉक्टरांच्या केबिनबाहेर आम्ही पोरांनी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला कळू द्यायचं नाही. राधानगरीच्या एसटीत बसल्यावर मामांनी विचारलं, "काय म्हनला रं डॉक्टर?" मी म्हटलं, "साधी गाठ हाय मामा, शेक दिला की जिरंल." पेशानं पत्रकार मी. दुसऱ्यांना खरं बोलायला लावून पोट भरतो.

मामांचं थोरल्या भावाशी वाटणीवरून बोलणं बंद होतं. "बरा झालो की गारगोटीला जाऊन येतो त्याच्याकडं," असं सारखं म्हणायचे. आम्ही माना डोलवायचो. थोरले आले तेव्हा मामांना शब्द काढता येत नव्हता. दोघं नुसते हात धरून बसले. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्ही ख्रिस्ती. त्यामुळं भेटायला येणारे प्रार्थना करायचे, त्याचा आधारच वाटायचा. पण काहीजण म्हणायचे, "विश्वास कमी पडतोय." एकानं तर घराण्यातलं पाप काढलं. ईयोबाचे मित्र असेच होते. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि घाण केली. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनीही हेच विचारलं होतं, पाप कुणाचं? याचं की आईबापाचं? येशूनं दोन्ही नाकारलं. तरी अजून आपल्या तोंडी तोच प्रश्न.

योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकतोय, पण एक गोष्ट आत्ता लक्षात आली. लाजर झोपलाय असं येशू आधी म्हणतो. शिष्यांना वाटतं, झोप लागली म्हणजे बरा होईल. तेव्हा तो सरळ सांगतो की लाजर मेलाय. आणि त्याच अध्यायात पुढं मरीयेला रडताना बघून तो स्वतः रडतो. त्याला उठवणार हे माहीत असून! आम्ही मात्र खरं बोलणं टाळलं, आणि मामांसमोर रडलोही नाही. जिन्याखाली जाऊन रडायचो.

आमच्या ओळखीच्या एक मावशी मिरजेला नर्सिंग शिकल्या, वानलेस डॉक्टरांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात. आता रिटायर आहेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "अरे, सगळं एकदम अंगावर टाकायचं नसतं. आधी त्यांनाच विचारायचं, तुम्हाला काय वाटतंय? ते विचारतील तेवढंच सांगायचं. पण खोटं सांगायचं नाही. आणि सांगून झाल्यावर उठून जायचं नाही."

शेवटचं सगळ्यात अवघड. डॉक्टरांकडं बाहेर शंभर पेशंट, ते किती बसणार? बसायचं आपणच. गावात माणसं आहेत, वेळही आहे. चावडीवर दोन-दोन तास जातातच की.

परवा एका मित्राचा फोन आला. आईचा रिपोर्ट आलाय. "तू भेटायला ये, पण तिच्यासमोर काही बोलू नकोस." मी म्हटलं, येतो, पण तिनं मला विचारलं तर खोटं बोलणार नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मी पण बसतो तुझ्याबरोबर."

रविवारी उपासना झाली की जातोय.