अभिरुचीवरील आरोपपत्र

'हे गाणे आवडत नाही' आणि 'हे गाणारे लोक आवडत नाहीत' ही दोन विधाने एका जातीची नाहीत. पहिले अभिरुचीचे विधान आहे, दुसरे माणसांविषयीच्या पूर्वग्रहाचे. पहिल्याच्या आड दुसरे दडलेले असू शकते हे खरे. परंतु ते दडलेले आहे, हे दाखवून द्यावे लागते. अमेरिकी आणि ब्रिटिश पॉप संगीताच्या चाहत्यांत, आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या समीक्षकांतही, ही दाखवून देण्याची पायरी अलीकडे सर्रास गाळली जाते. नावड नोंदवली गेली की वर्णद्वेषाचा शिक्का सिद्ध असतो. यात एखाद्या रसिकावर अन्याय होतो, हे उघड आहे. परंतु त्याहून मोठी हानी होते ती खुद्द त्या आरोपाची.

कारण पॉप संगीताच्या इतिहासात हा आरोप मुळीच पोकळ नाही. ५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅम येथील मंचावरून एरिक क्लॅप्टनने स्थलांतरितांच्या विरोधात आणि इनॉक पॉवेल या राजकारण्याच्या बाजूने उघड भाषण केले. त्याच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात, डिस्को संगीताच्या तबकड्यांची पेटी सुरुंगाने उडवण्यात आली. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. त्या दिवशी तेथे प्रेक्षकांना वाट दाखवण्याचे काम करणारा आणि पुढे हाऊस संगीताच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक ठरलेला व्हिन्स लॉरेन्स याने सांगितले आहे की, लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्याही अनेक तबकड्या होत्या. १९८३मध्ये डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्या निवेदकालाच, त्याच्या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलावंत इतके कमी का दिसतात, असा प्रश्न केला.

या तिन्ही प्रसंगी आरोपाला काहीतरी आधार होता. पहिल्यात उच्चारलेले शब्द होते, दुसऱ्यात केलेली कृती होती, तिसऱ्यात एका सत्ताधारी संस्थेचे मोजता येण्याजोगे धोरण होते. त्यातही लॉरेन्सची साक्ष मैदानावरील प्रत्येक माणसाला दोषी ठरवत नाही. ती एवढेच सांगते की, 'आम्हांला केवळ ते संगीत आवडत नव्हते' हा खुलासा घडलेल्या गोष्टीला पुरत नाही. आरोप किती ताणायचा, याचे भान त्या साक्षीतच आहे.

क्लॅप्टनच्या प्रसंगातील एक विसंगती मात्र आजच्या आरोपकर्त्यांच्या ध्यानात येत नाही. क्लॅप्टनच्या अभिरुचीत बोट ठेवायला जागा नव्हती. ज्या ब्लूजवर त्याची कारकीर्द उभी होती ते कृष्णवर्णीयांचेच संगीत. आवडीनिवडींच्या यादीवरून माणसाची परीक्षा घ्यायची, तर तो पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला असता. म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीतावरील प्रेम हा निर्दोषतेचा पुरावा ठरत नाही. मग त्या प्रेमाचा अभाव हा अपराधाचा पुरावा कसा ठरावा? अभिरुची ही दोन्ही बाजूंनी कच्ची साक्षीदार आहे.

तरीही तिलाच साक्षीला उभे करण्याची प्रथा पडली. रॉक संगीताचे निकष साऱ्या संगीताला लावण्याच्या खोडीला लिव्हरपूलचा संगीतकार पीट वायली याने १९८१मध्ये 'रॉकिझम' म्हटले. वर्णद्वेषविरोधी चळवळीच्या नावाची थट्टेने केलेली उलटापालट, एवढाच त्या शब्दाचा उगम होता. २००४मध्ये केलेफा सॅने यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखात ही खोडी जुन्या, परिचित पूर्वग्रहांपासून सर्वस्वी वेगळी नाही, असे म्हटले. मुद्दा मार्मिक होता. हाती घेणाऱ्यांनी मात्र त्याचा निकाल करून टाकला.

'मॅग्नेटिक फील्ड्स' या वाद्यवृंदाचा गीतकार स्टीफिन मेरिट याच्याबाबतीत हा निकाल कसा लागला, ते पाहण्यासारखे आहे. त्याने विसाव्या शतकातील शंभर ध्वनिमुद्रणांची एक निवड केली होती. तीत कृष्णवर्णीय कलावंत किती, याची मोजदाद साशा फ्रेर-जोन्स या समीक्षकाने केली. पुढे २००६मध्ये सिएटल येथील पॉप संगीतविषयक परिषदेत मेरिटने 'झिप-अ-डी-डू-डा' या गाण्याची स्तुती केली. हे गाणे डिस्नेच्या 'साँग ऑफ द साउथ' या १९४६च्या चित्रपटातले आहे. मळ्यांवरील कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे गुलाबी चित्र रंगवल्याबद्दल त्या चित्रपटाची योग्य ती निंदा झालेली आहे. मेरिटने गाणे आणि चित्रपट यांत फरक केला होता. आरोप करताना तो फरक पुसला गेला. हे गाणे जेम्स बास्केट या कृष्णवर्णीय नटाच्या आवाजातले आहे, हेही कोणाला अडले नाही. अखेर मे २००६मध्ये जॉन कुक यांनी 'स्लेट' नियतकालिकात हे सारे प्रकरण तपासून आरोपाला आधार नसल्याचे दाखवले.

या आरोपामागे एक सिद्धान्त उभा आहे असे मानले जाते आणि त्यासाठी पिएर बुर्द्यू यांचे नाव घेतले जाते. अभिरुची निरागस नसते, ती सामाजिक स्थानाने घडते, हे त्यांच्या १९७९मधील 'ला दिस्तँक्सियों' या ग्रंथाचे प्रतिपादन बिनतोड आहे. परंतु ते सुमारे बाराशे फ्रेंच नागरिकांच्या पाहणीवर आधारलेले, सामाजिक वर्गांविषयीचे प्रतिपादन आहे. समूहाविषयीच्या अनुमानावरून एका माणसाच्या अंतःकरणाचे निदान करणे म्हणजे गावाच्या सरासरी पावसावरून एखाद्याच्या अंगणातील चिखल मोजणे होय. समाजशास्त्र हे फौजदारी न्यायालय नव्हे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पूर्वग्रह स्वतःचे नाव सांगत नाही. तो नेहमी 'केवळ आवड' या वेषातच वावरतो. अशा वेळी पुरावा मागणे म्हणजे प्रस्थापितांना संरक्षण देणे नव्हे काय? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावाच लागतो. परंतु वेष आहे असे म्हणणाऱ्यावर तो उतरवून दाखवण्याची जबाबदारी येते. यादीत कृष्णवर्णीय कमी असले तर द्वेष, पुरेसे असले तर दिखाऊपणा, भरपूर असले तर परक्या संस्कृतीवरील डल्ला, अशी मांडणी केली की आरोप कधीच खोटा ठरू शकत नाही. जो खोटा ठरू शकत नाही तो काही सांगतही नाही. प्रस्थापितांना खरे संरक्षण मिळते ते येथे. दहा निराधार आरोप झाले, की अकरावा साधार आरोपही त्याच हशात बुडवता येतो.

या सिद्धान्ताचा प्रामाणिक उपयोग कसा करावा, याचा नमुना कॅनडाचे समीक्षक कार्ल विल्सन यांनी २००७मध्ये घालून दिला. सेलीन डिऑन या गायिकेविषयीच्या स्वतःच्या तिटकाऱ्याचा शोध घेत त्यांनी पुस्तक लिहिले आणि बुर्द्यूंचा आरसा प्रथम स्वतःसमोर धरला. ही तिरस्काराची भावना आपल्यात कोठून आली, हा प्रश्न स्वतःला विचारला की त्यातून समीक्षा निर्माण होते. तोच प्रश्न उत्तरासकट दुसऱ्याच्या तोंडावर फेकला की गाणे ऐकण्याचे कारणच उरत नाही.

चाहत्यांच्या समूहात असा आरोप स्वस्त का होतो, हेही यातून कळते. तेथे आवड हेच सदस्यत्व असते. आवडत्या गायिकेला नाकारणारा केवळ वेगळ्या कानाचा आहे, हे मान्य करणे समूहाला जड जाते. तो वाईट माणूस आहे, असे मानणे सोपे असते. आरोप मग अन्यायाच्या निवारणासाठी होत नाही, तो कुंपण घालण्यासाठी होतो. ज्या शब्दाने १९७६मध्ये लोकांना एकत्र आणले, त्याच शब्दाने दार लावून घेतले जाते. तो शब्द जपून वापरावा असे म्हणण्यात आरोपीविषयीची दया नाही. ज्यांना उद्या त्याची खरोखर गरज पडणार आहे, त्यांच्यासाठी त्याची धार राखून ठेवणे, एवढीच ती मागणी आहे.