कोंडवाड्याचे अर्थशास्त्र

१८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याचे मूळ दंडपत्रक आज वाचताना हसू येते. हत्तीस २ रुपये, उंट वा म्हशीस ८ आणे, गाय-बैल-घोड्यास ४ आणे, गाढव-डुकरास २ आणे, शेळी-मेंढीस १ आणा! सार्वजनिक रस्त्यावर मोकाट सापडलेले जनावर २४ तासांच्या आत कोंडवाड्यात धाडायचे, दंडावर चाऱ्यापाण्याचा खर्च लावायचा आणि ७ दिवसांत मालक न आल्यास लिलावाच्या मार्गाला लागायचे, असा हा शिरस्ता.

हसू मात्र फार टिकत नाही. दंड जनावर पाहून ठरे, मालकाची ऐपत पाहून नव्हे. ८ आणे जमीनदाराला किरकोळ. एकाच म्हशीवर प्रपंच चालविणाऱ्या भूमिहीनावर मात्र ती लिलावात गमावण्याची पाळी. पुढे १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांतील चराईवर बंधने आणली. चरण्याची जागा सरकारने आक्रसली आणि दोषी ठरला तो गुरे राखणारा!

आजही महामार्गावरील मोकाट गुरांवर दंड हाच उपाय सुचविला जातो. गावचे गायरान कोणी गिळले, हा त्याआधीचा प्रश्न आहे. कार्यकर्त्यांनी तो ग्रामसभेत विचारलाच पाहिजे.