अंगणातली जीप आणि कागदावरली जीप

खानापुरास आमच्या धाकट्या भगिनीचे घर आहे. मागे काजूची बाग, बाजूस गोठा आणि गोठ्याला लागून एक पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये गेली पंचवीस वर्षे एक जीप उभी असते. आमच्या कैलासवासी मेहुण्यांनी ती १९९२ साली, कोल्हापुरास नोकरीत असताना, नवी घेतली होती. महिंद्रांची 'एमएम ५४०', डिझेलवर चालणारी. १९९९ साली नोकरी सोडून ते गावी परतले, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर जीपही आली. नंबर मात्र कोल्हापूरचाच राहिला. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना शेताच्या वाटेवर जीपवाचून का चालत नाही हे सांगावयास नको.

मेहुणे २०१६ साली गेले आणि जीप भाच्याच्या हाती आली. मुलगा हौशी, हात कसबी, आणि कानात वारे शिरलेले. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रानातून, चिखलातून जीपगाड्या हाकण्याची 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' नावाची स्पर्धा होत आली आहे. चोर्ला घाट उतरून ती पाहून आल्यावर त्याला घरच्या जीपचा जीव थोडा वाटू लागला. टाळेबंदीच्या दीड वर्षात त्याने आणि गावातल्या एका मिस्त्रीने मिळून तिचे रूप पालटले. जुने इंजिन काढून बोलेरोचे मोठे इंजिन बसले. पाटे बदलून गाडी चांगली वीतभर उंच केली. मूळच्या चाकांजागी ३१ इंची चाके आली आणि ती मडगार्डाच्या बाहेर डोकावू लागली. पुढे लोखंडी नळ्यांचा मोठा कठडा लागला, डोक्यावर चार प्रखर दिव्यांची ओळ चढली. गावातली पोरे भोवती जमू लागली. खोटे कशाला सांगावे, दिवाळीत गेलो असताना आम्हीही पुढच्या आसनावर बसून बाजारपेठेतून मिरवून आलो. 'मामा, कशी काय वाटते?' असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही 'ऐरावत आहे रे' म्हणालो. कागदांची चौकशी करण्याचे आम्हांस सुचले नाही.

ती चौकशी २०२२ च्या श्रावणात, जांबोटीच्या रस्त्यावर झाली. वळणावर समोरून दूध घेऊन येणाऱ्या एका गृहस्थाच्या मोटारसायकलीस जीपच्या कठड्याचा धक्का लागला. गृहस्थ पडले, हात मोडला. दैव बलवत्तर म्हणून तेवढ्यावर निभावले. भाच्यानेच त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले, घरी निरोप दिला. मग पोलिसांनी गाडीचे कागद मागितले.

कागदावरली गाडी वेगळीच निघाली. मालक म्हणून नाव होते ते सहा वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या माणसाचे. नोंदणीची मुदत २०१७ साली संपलेली. इंजिनाचा क्रमांक एक, गाडीत बसलेल्या इंजिनाचा दुसराच. भगिनी बिचारी दरवर्षी विम्याचा हप्ता नेमाने भरीत होती, पण तोही यजमानांच्या नावाने. विमा कंपनीच्या माणसाने एकच प्रश्न केला : 'मालक वारल्याचे आणि गाडीत बदल केल्याचे आपण आम्हांला केव्हा कळविले?' यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. अपघातातल्या तिऱ्हाईतास भरपाई देणे टाळावे, अशी विमा कंपनीला फारशी कारणे कायद्याने ठेवलेली नाहीत. परंतु महत्त्वाची गोष्ट लपवून विमा उतरविला होता, हे त्या थोड्या कारणांपैकी एक आहे. प्रकरण तेथवर गेले नाही. शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्या गृहस्थाच्या बुडालेल्या रोजीचे पैसे भगिनीने त्या वर्षीच्या काजूच्या उत्पन्नातून भरले. 'दादा, तो माणूस गेला असता तर काजूची बागच विकावी लागली असती,' असे ती आम्हांस त्या रात्री म्हणाली. भाचा उंबऱ्यात बसून ऐकत होता.

तेव्हापासून वर्षभर आम्ही या विषयाच्या मागे लागलो, आणि जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण आपल्या घरांत जुन्या जीपा पुष्कळ आहेत, आणि तरुणांच्या अंगात वारेही पुष्कळ आहे.

पूर्वी ही बाब एवढी कडक नव्हती. १९३९ च्या मोटार कायद्यात नोंदणी अधिकाऱ्यास कळवून, त्याची संमती घेऊन गाडीत फेरबदल करता येत असे. १९७३ नंतर पेट्रोल महागले, तेव्हा विलीजच्या जुन्या पेट्रोल जीपांत किती जणांनी डिझेल इंजिने बसवून घेतली, हे आमच्या पिढीला आठवत असेल. ज्यांनी त्याची नोंद पुस्तकात करून घेतली ते निश्चिंत राहिले. १९८८ चा नवा कायदा आला, आणि त्याच्या ५२ व्या कलमात २००० साली दुरुस्ती झाली. निर्मात्याने मुळात जे तपशील ठरविले त्यांहून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये, असे त्यात स्पष्ट आले. तरीही नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने काहीही चालते, अशी समजूत राहिलीच. ती ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालाने दूर केली. केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून न्यायालयाने सांगितले, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा रचनेतील बदल नोंदविताच येणार नाही. त्याच वर्षी कायद्यातले १८२-अ हे कलम नव्या रूपात आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द भाच्याने दोनदा वाचले. बोटे मोजून त्याचे पाच झाले.

'पण मामा, माझे काम कंपनीपेक्षा मजबूत आहे,' असा त्याचा युक्तिवाद होता. मजबुतीबद्दल आमचे दुमत नाही. परंतु कारखान्याने गाडी बाजारात आणण्यापूर्वी तिचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मध्य प्रदेशातील बुधनीचे ट्रॅक्टर केंद्र या अशा संस्था होत. त्यांनी तपासलेली ती गाडी, आणि शेडमध्ये घडलेली ही वेगळी. ब्रिटनमध्ये घरी घडविलेली एकटी गाडीही सरकारी परीक्षेस नेता येते आणि उतरली तर नोंदविता येते. आपल्याकडे एकट्या मालकासाठी असा मार्ग नाही, आणि तो असावा असे आमचे प्रामाणिक मत आहे. नसल्यामुळे कसबी आणि अडाणी दोघेही एकाच रांगेत उभे राहतात.

मात्र नियमामागे काहीच अर्थ नाही असे मानू नये. २८ इंची चाकाजागी ३१ इंची बसविले, की ताशी ६० चा काटा दाखविणारी गाडी प्रत्यक्षात ६६ च्या वेगाने धावते. चाक जड झाले की तोच ब्रेक अपुरा पडतो. गाडी उंच केली की तिचा भार वर जातो आणि वळणावर कलंडण्याची भीती वाढते. पुढचा लोखंडी कठडा तर २०१७ च्या डिसेंबरातच केंद्र सरकारने बेकायदा असल्याचे राज्यांना कळविले होते. गाडीचा पुढचा पत्रा चेमटून धक्का पचवितो; कठडा तो धक्का पुढच्या माणसाच्या हाडांकडे आणि मागे बसलेल्यांकडे जसाच्या तसा पोहोचवितो. त्या दूधवाल्या गृहस्थांचा हात पत्र्याने मोडला नव्हता.

कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या वाटाही आहेत. मान्यताप्राप्त संच बसवून गाडी गॅसवर किंवा विजेवर चालविता येते आणि तशी नोंद होते. अपंग व्यक्तीस चालविता यावी म्हणून गाडीत बदल करता येतो, आणि त्याची मंजुरी मागाहून घेतली तरी चालते; ही सवलत पुष्कळांना ठाऊकच नसते. रंग बदलला तर तो पुस्तकात चढवून घ्यावा. आसने, छताचे कापड, लहानसहान जोडण्या यांवरून सहसा कोणी अडवीत नाही. आणि महू-जबलपूरकडील आमच्या ज्या वाचकांना सैन्याच्या लिलावातील जोंगा किंवा जीप घेण्याचा मोह होतो, त्यांनी संबंधित लष्करी अधिकाऱ्यांकडील मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, हातात पडल्याशिवाय पैसे मोजू नयेत. त्याच्यावाचून नोंदणी होत नाही, आणि मधल्या दलालाची चिठ्ठी म्हणजे फॉर्म २१ नव्हे.

आमच्यापुढे एकच वाट होती : जीपला पुन्हा कागदावरल्या जीपसारखी करणे. चाके, पाटे, कठडा, दिवे हे आठ दिवसांत उतरले. अडले ते इंजिनापाशी. मूळ इंजिन कोठे आहे असे विचारता मिस्त्री डोके खाजवू लागला. 'ताई, तवा ते पडून होतं, म्हणून दिलं एकाला,' एवढेच तो भगिनीस सांगे. पंधरा दिवसांनी पत्ता लागला. मेहुण्यांच्या जीपचे इंजिन एका गुऱ्हाळावर ऊस गाळीत होते! आम्ही गेलो तेव्हा ते सुरूच होते, आणि काकवीच्या वासात त्याचा तोच जुना ठोका ऐकून भगिनी क्षणभर थांबली. गुऱ्हाळवाल्याने हंगाम संपेपर्यंत ते देण्यास साफ नकार दिला, आणि त्याचे म्हणणे रास्तच होते. शेवटी भाच्याने बोलेरोचे इंजिन त्याला दिले, वर मजुरी दिली, आणि जुने घरी आणले. तेलाचा आणि काजळीचा थर रॉकेलने धुतल्यावर क्रमांक उमटला. पुस्तकातल्या क्रमांकाशी तो ताडून पाहिला, तेव्हा आम्ही सर्वांनी श्वास सोडला.

मग कार्यालयांची यात्रा. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून जीप ट्रकवर चढवून कोल्हापुरास नेली. भाचा वाटेत म्हणाला, 'गोव्याच्या स्पर्धेला गाड्या अशाच ट्रकवरून येतात, मामा. आता समजले का ते.' कोल्हापुरास प्रथम फॉर्म ३१, म्हणजे मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे गाडी करण्याचा अर्ज. मृत्यूची खबर तीस दिवसांत द्यावयाची आणि अर्ज तीन महिन्यांत करावयाचा. आम्ही सात वर्षांनी गेलो. मग फॉर्म २५, नोंदणीच्या नूतनीकरणाचा. त्याची फी २०२२ पासून पाच हजार झाली होती, शिवाय विलंबाचा दंड महिन्यागणिक आणि वर पर्यावरण कर. (ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारींची ही फी दहा हजार झाली आहे. ज्यांची मुदत जवळ आली असेल त्यांनी संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज करावा.) त्यानंतर फॉर्म २८, दुसऱ्या राज्यात गाडी नेण्याच्या ना-हरकत दाखल्यासाठी.

हा शेवटचा मुद्दा आपणा सीमेवरच्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या घरांसाठी विशेष महत्त्वाचा. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर तेथला नंबर घ्यावा लागतो. मेहुण्यांनी ती गोष्ट अखेरपर्यंत पुढे ढकलली. 'कोल्हापूर काय परके आहे?' असे ते म्हणत. भावना खरी, पण कर घेणारी कार्यालये दोन आहेत. ना-हरकतीचा अर्ज दिल्याची पोच जपून ठेवावी. तीस दिवसांत होकार-नकार आला नाही, तर दाखला मिळाल्याचे कायदा मानतो. पोच नसेल तर मानणारा कोणी नाही.

बेळगावास फॉर्म २७ भरला, गाडीचे वय पाहून आजन्म कर भरला आणि तपासणीचा दिवस आला. कागद कन्नडमध्ये, तपासनीस मराठी उत्तम बोलणारे, आणि भाच्याचे पाय लटपटत. तपासनिसांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, चाके मडगार्डाच्या आत आहेत ना हे वाकून पाहिले. इंजिनाचा क्रमांक वाचला. मग सांगाड्यावरील क्रमांकाची पेन्सिलछाप मागितली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून राजाचे डोके उमटवीत असू, तशीच ती घ्यावयाची असते. भाचा जीपखाली आडवा झाला आणि कागद घासू लागला. बत्तीस वर्षांच्या गंजातून एकेक अक्षर वर येऊ लागले. एक आकडा काही केल्या उमटेना, तेव्हा तपासनिसांनीच बसकण मारून, 'हळू घास, जोर लावू नको,' असे सांगितले.

आता जीप केए २२ झाली आहे आणि तिच्या पुस्तकात भगिनीचे नाव आहे. विमाही तिच्याच नावाने. ३१ इंची चाकांपैकी दोन विकली गेली, दोन गोठ्याशेजारी पडून आहेत, त्यांत भगिनीने अळू लावला आहे. भाचा ताशी पन्नासाच्या वर जात नाही. जुन्या इंजिनाला ते जमतही नाही. गेल्या महिन्यात जांबोटीच्या त्याच वळणावर ते दूधवाले गृहस्थ समोरून आले. भाच्याने गाडी कडेला घेतली. त्यांनी मोटारसायकल थांबवून जीप पुढून मागून न्याहाळली आणि विचारले, 'ही तीच का हो?'